पीएचडी लवकर संपवायची आणि नातंही टिकवायचं: कुठल्या क्रमाने काय करायचं

सोशल सायन्समधली पीएचडी रखडलेली माणसं भेटली की बहुतेकांचं एकच सांगणं असतं, वेळच मिळत नाही हो. आणि त्यांच्या जोडीदाराशी बोललं तर तिकडून ऐकू येतं, अहो सगळा वेळ तर तिकडेच जातो. दोघंही खरं बोलत असतात. वेळ जातोच, पण तो उलट्या क्रमाने केलेल्या कामात जातो, म्हणजे प्रश्न पक्का व्हायच्या आधीच शंभर पेपर वाचून काढायचे, परवानगी यायच्या आधीच मुलाखतींच्या तारखा घ्यायच्या, डेटा हातात आल्यावर परत थिअरी बदलायची. आणि घरच्याला त्रास होतो तो तुम्ही किती तास बसता याचा कमी, "हे नेमकं संपणार कधी" याला उत्तर मिळत नाही याचा जास्त.

म्हणून अभ्यास एकीकडे आणि घर एकीकडे असं मी इथे धरलेलं नाही. २०१७ मध्ये बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात साधारण तिघांतल्या एकाला मानसिक आजाराचा धोका दिसला आणि त्याच्याशी जोडलेल्या मोठ्या गोष्टींमध्ये काम आणि घर यांची ओढाताण होती, गाइडची वागण्याची पद्धतही होती. थिसिस जिथे अडकतो तिथेच घरातही अडकतं, हे मी स्वतः अनुभवलंय आणि आजूबाजूला पण बघतेय.

लवकर म्हणजे किती? पूर्णवेळ असाल तर ३ ते ४ वर्षं. नोकरी करून करत असाल तर त्याहून जास्त लागणार, पण क्रम हाच.

टप्पा १: शेवटची तारीख दोघांनी मिळून काढा

हे पहिलं काम, रजिस्ट्रेशनच्याही आधी. आधीच मध्यावर असाल तर या आठवड्यात करा.

आपल्याला किती वेळ लागेल हा आपला स्वतःचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी पडतो. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसात होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं बिनसलं तर किती लागतील, तर ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी लागले साडेपंचावन्न, म्हणजे त्यांनी धरलेल्या सगळ्यात वाईट अंदाजापेक्षाही जास्त. आणि हा छोटासा प्रबंध होता, पीएचडी नाही.

त्यामुळे "मला किती लागतील" हा प्रश्न स्वतःला विचारूच नका. तुमच्याच गाइडकडे, तुमच्यासारख्याच पद्धतीने काम केलेल्या शेवटच्या तीनचार जणांना विचारा की रजिस्ट्रेशनपासून सबमिशनपर्यंत किती महिने लागले आणि सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला. मग उलटं मोजत या. समजा ३६ महिने धरले, तर:

- ३६ वा महिना: सबमिशन
- ३१ वा महिना: संपूर्ण ड्राफ्ट गाइडच्या हातात
- २० वा महिना: डेटा बंद, यानंतर एकही नवीन मुलाखत नाही
- ९ वा महिना: एथिक्सची (अभ्यासात सामील लोकांची काळजी नीट घेतलीय का ते तपासणाऱ्या कमिटीची) मंजुरी हातात
- ५ वा महिना: प्रश्न पक्का

आता हा कागद घेऊन जोडीदारासमोर बसा आणि त्यावर त्याच्या किंवा तिच्या आयुष्यातल्या गोष्टी पण लिहा, नोकरी बदलायची आहे का, घर बदलायचंय का, मूल हवंय का आणि कधी, कुणाचे आईवडील आजारी आहेत का. एकाच कागदावर, दुसरा कागद करायचा नाही. दोन वेगळे कॅलेंडर असले की तुमचं फील्डवर्क आणि त्यांची नवीन नोकरी एकाच महिन्यात येऊन आदळते आणि मग दोष कुणाचा यावर भांडण होतं, खरं तर दोष फक्त न बघण्याचा असतो.

याच बैठकीत एक "नाही"ची यादी करा. ही तीन वर्षं आपण काय करणार नाही. जास्तीचे कोर्स, कॉन्फरन्स वर्षात एकाहून जास्त नाही, दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये फुकट मदत नाही, घरात मोठं दुरुस्तीचं काम काढायचं नाही. आणि एक छोटी "कायम"ची यादी, जी कुठलीही डेडलाइन असली तरी तुटणार नाही. त्यात दोनतीनच गोष्टी टाका, पण त्या जोडीदाराने निवडलेल्या असू द्या. आपण परस्पर ठरवलेला "आपल्या दोघांचा वेळ" समोरच्याला नकोसाही असू शकतो.

सावधान: "पीएचडी झाली की मग सगळं करू" हे वाक्य बोलू नका. त्यात तारीख नसते, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते वचन वाटत नाही.

तपासून बघा: तुमच्या जोडीदाराला झोपेतून उठवून विचारलं तर सबमिशनचा महिना सांगता येतोय का? येत नसेल तर हा टप्पा झालेला नाही.

टप्पा २: प्रश्न छोटा करा, आणखी छोटा करा

सगळ्यात जास्त वर्षं इथे वाया जातात म्हणून इथे जरा थांबते.

सोशल सायन्समध्ये विषय आपल्या मनाजवळचा असतो, अन्याय बघितलेला असतो, तो सगळा मांडावासा वाटतो. ती तळमळ खरी असते आणि ती हवीच, नाहीतर तीन वर्षं माणूस टिकत नाही. पण थिसिस म्हणजे एका प्रश्नाचं नीट दिलेलं उत्तर, बास. बाकीचं नंतर लिहायला आयुष्य पडलंय.

उदाहरण घ्या. "स्थलांतर आणि कुटुंब" हा विषय झाला, प्रश्न नाही. "स्थलांतरित नर्सेसचं कौटुंबिक आयुष्य" अजूनही विषयच. "नवीन शहरात येऊन दोन वर्षं व्हायच्या आतल्या नर्सेस घरी किती पैसे पाठवायचे हा निर्णय कुणाशी बोलून घेतात आणि कुणापासून लपवतात", हा प्रश्न झाला. यात कोण, कधी, काय बघायचं हे तिन्ही आहे, कुणाला भेटायचं ते कळतं आणि मुख्य म्हणजे कधी थांबायचं ते कळतं.

प्रश्न पक्का करण्याआधी चार गोष्टी स्वतःला विचारा. याचं उत्तर देणारा डेटा मला एका वर्षात मिळेल का? त्या माणसांपर्यंत पोचायचा रस्ता माझ्याकडे आत्ता आहे का, की "बघू, होईल ओळख"? उत्तर अपेक्षेच्या उलट आलं तरी थिसिस उभा राहील का? आणि चौथं, हा डेटा गोळा करायला मला घरापासून सलग किती दिवस लांब राहावं लागेल? शेवटचा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत, आणि मग सहा महिन्यांचं फील्डवर्क ठरल्यावर घरी सांगतात. सहा महिने लांब राहणं चुकीचं नाही, एथ्नोग्राफीत, म्हणजे लोकांमध्ये राहून केलेल्या अभ्यासात, तर त्याहून जास्त लागतं, पण तो निर्णय प्रश्न निवडतानाच झालेला असतो, म्हणून जोडीदाराला तेव्हाच माहीत पाहिजे.

आधीपासून असलेला डेटा वापरता येतो का हे पण बघा. लोकांची मूल्यं आणि मतं विचारणारा वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे १९८१ पासूनचा आहे, लोकसंख्या आणि आरोग्यावरचे डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे १९८४ पासून नव्वदच्या आसपास देशांत झालेत. अशा डेटावर चांगले थिसिस होतात आणि त्याला कमीपणा मानायचं काही कारण नाही. फक्त डेटा वापरायच्या परवानगीचा अर्ज लवकर टाका आणि तुम्हाला हवा तो व्हेरिएबल तुम्हाला हव्या त्या वर्षात खरंच विचारलेला आहे का हे कोडबुक (सर्व्हेतल्या प्रश्नांची यादी) उघडून बघा, नुसत्या नावावरून धरून चालू नका.

युनिव्हर्सिटीला चालत असेल तर तीन पेपरचा थिसिस (तीन स्वतंत्र लेख एकत्र बांधलेला) करायचा की सलग पुस्तकासारखा हे पण इथेच ठरवा. तीन पेपरवाला सुटसुटीत वाटतो पण जर्नलने छापून यायची अट असेल तर वेळ तुमच्या हातात राहत नाही. अट फक्त "छापण्याजोगा" एवढीच असेल तर फायदा आहे. नियम स्वतः वाचा, सिनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, नियम मधे बदललेले असतात.

तपासून बघा: प्रश्न एका वाक्यात, तुमच्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला सांगा. त्याने "म्हणजे नक्की काय शोधणार?" असं विचारलं तर अजून छोटा करायचाय.

टप्पा ३: गाइडसोबत कामाची पद्धत लेखी ठरवा

इथे लोक लाजतात. गाइड मोठे असतात, त्यांना कसं विचारायचं. पण विचारायचंय ते एवढंच: मी एक चॅप्टर पाठवलं तर किती दिवसात प्रतिक्रिया येईल, भेट किती आठवड्यांनी, अर्धवट ड्राफ्ट चालेल की पूर्णच हवा, आणि तुम्ही लांब रजेवर वगैरे कधी जाणार आहात. भेट झाली की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका, आज हे ठरलं, पुढच्या वेळेपर्यंत मी हे करणार. दोन वर्षांनी "असं मी कधी म्हणालोच नव्हतो" हे ऐकायची वेळ येते तेव्हा तो मेल उपयोगी पडतो.

गाइड प्रतिक्रिया द्यायला चार आठवडे घेत असतील तर ते चार आठवडे तुमच्या कागदावर आधीच लिहिलेले पाहिजेत आणि त्या काळात करायचं दुसरं काम ठरलेलं पाहिजे. खरं तर हेच चार आठवडे घरासाठी पण सगळ्यात चांगले असतात, बाहेर जायचं असेल, राहिलेली कामं करायची असतील तर ती इथे ठेवा. मी हे फार उशिरा शिकले, पहिली दीड वर्षं मी ड्राफ्ट पाठवून रोज मेल बघत बसायचे, ना काम व्हायचं ना सुट्टी.

सावधान: गाइडवरचा सगळा राग रोज रात्री जोडीदारापुढे काढू नका. त्यांना त्यात काही करता येत नाही, फक्त ऐकून घ्यावं लागतं. सोबत पीएचडी करणारी दोन माणसं शोधा आणि अर्धा राग तिकडे काढा.

टप्पा ४: आठवड्यातून एकदा वीस मिनिटं

दर आठवड्याला ठरलेल्या वेळी दोघांनी टप्पा एकचा कागद समोर घेऊन वीस मिनिटं बसायचं. तीन गोष्टी बोलायच्या. या आठवड्यात कुठल्या संध्याकाळी मी अजिबात नसणार, कुठल्या पूर्ण मोकळ्या, आणि घरातलं कुठलं काम कुणाकडे. बास, नात्याची चर्चा इथे नको, ही नुसती व्यवस्थेची बैठक.

चूक कुठे होते सांगते. लोक "मी जमेल तसा वेळ देईन" म्हणतात आणि मग रोज संध्याकाळी अर्धे घरी, अर्धे लॅपटॉपमध्ये असतात. जोडीदाराला वाटतं हा कधीच पूर्ण माझ्यासोबत नसतो, आणि स्वतःला वाटतं माझं कधीच पूर्ण काम होत नाही. त्यापेक्षा तीन संध्याकाळी दार लावून काम करा आणि चार संध्याकाळी लॅपटॉप दुसऱ्या खोलीत बंद. खरंच दुसऱ्या खोलीत, बाजूला मिटून ठेवलेला नाही.

घरातल्या कामांचं पण स्पष्ट बोला. पीएचडी करणाऱ्याचा भार काही महिने दुसऱ्याने उचलणं ठीक आहे, पण किती महिने ते लिहा आणि नंतर उलट कधी फिरणार ते पण लिहा. जोडीदार पगारावर घर चालवत असेल तर हे बोलणं आणखी गरजेचं, कारण तो किंवा ती स्वतःहून हा विषय काढणार नाही.

आणि एक गोष्ट जी मला फार महागात पडली. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास दाखवलं होतं की आपण समोरच्याच्या चांगल्या बातमीला कसा प्रतिसाद देतो यावरून नात्याचं बरंच काही कळतं, वाईट बातमीच्या वेळच्या आधारापेक्षाही जास्त. माझ्या फील्डवर्कच्या काळात रोज रात्री फोन व्हायचा आणि मी अर्धा तास माझ्या अडचणी सांगायचे, कोण भेटलं नाही, कुणी नकार दिला. एकदा नवऱ्याने सांगितलं की त्याला हवी होती ती टीम मिळाली. मी "अरे वा" म्हणून परत माझ्या नकारांवर आले. तो काही बोलला नाही. त्याला ते लागलं होतं हे मला कळलं तीन महिन्यांनी, तेही दुसऱ्याच भांडणात. तेव्हापासून नियम केला, फोनवर पहिली दहा मिनिटं त्याची आणि त्यात मी प्रश्न विचारायचे.

तपासून बघा: जोडीदाराच्या कामात या महिन्यात काय चाललंय, कुणाशी पटत नाहीये, काय छान झालं, हे तुम्हाला तीन वाक्यात सांगता येतं का?

टप्पा ५: एथिक्सचा अर्ज वाचनाच्या आधी तयार करा

क्रम उलटा वाटेल पण असाच ठेवा. एथिक्स कमिटीची मंजुरी यायला आठवडे लागतात, कधी महिने, आणि मंजुरीआधी गोळा केलेला डेटा बहुतेक ठिकाणी वापरताच येत नाही. अर्ज भरताना तुम्हाला प्रश्नावली, संमतीपत्र, माणसं कशी निवडणार, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, किती वर्षांनी नष्ट करणार हे सगळं लिहावं लागतं, म्हणजे मेथडॉलॉजीचं, अभ्यास कसा केला ते सांगणारं, निम्मं चॅप्टर आपोआप तयार होतं. अर्ज आत गेला की त्या वाट बघण्याच्या काळात वाचन करा.

नेहमीच्या चुका: संमतीपत्राची भाषा इतकी जड की सही करणाऱ्याला कळतच नाही. अल्पवयीन किंवा पेशंट असतील तर लागणारी जास्तीची परवानगी विसरणं. संस्थेतून माणसं निवडायची असतील तर त्या संस्थेचं पत्र नसणं. आणि मंजुरी आल्यावर प्रश्नावली परस्पर बदलणं, बदलायची तर सुधारणेचा अर्ज टाकावा लागतो, म्हणून पहिल्याच अर्जात थोडी मोकळीक ठेवून लिहा, "मुख्य विषय हे, त्यात उपप्रश्न बदलू शकतात" असं.

जोडीदाराबद्दल एक महत्त्वाचं इथेच. मुलाखती टाइप करायला, सोबत यायला, भाषांतराला जोडीदाराची मदत घेणार असाल तर ते अर्जात लिहा आणि त्यांच्याकडून गोपनीयतेचं पत्र सही करून घ्या. नाहीतर त्यांना रेकॉर्डिंग ऐकवणं म्हणजे तुम्ही लोकांना दिलेला शब्द मोडणं झालं. घरी बोलतानाही नावं, गाव, ओळखू येईल असं काही सांगायचं नाही. आज मला फार जड ऐकायला मिळालं, मी हललेय, एवढं सांगता येतं आणि जवळच्या माणसाला तेवढं पुरतं.

टप्पा ६: वाचनाला कुंपण घाला

पहिल्या दिवसापासून झोटेरो किंवा संदर्भ सांभाळणारं तसलंच एखादं सॉफ्टवेअर वापरा. शेवटच्या महिन्यात हाताने संदर्भयादी करत बसलेली माणसं मी पाहिलीयत, तीन आठवडे जातात.

प्रत्येक वाचलेल्या पेपरसाठी एका टेबलमध्ये एक ओळ: प्रश्न काय, डेटा काय, उत्तर काय, माझ्या प्रश्नाला याचा काय उपयोग. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो पेपर तुमच्या थिसिसमध्ये जाणार नाही, कितीही आवडला तरी. थांबायची खूण अशी की सलग दहा नवीन पेपर वाचून टेबलमध्ये नवीन मुद्दा आला नाही, आणि त्यांच्या संदर्भयादीतली मुख्य नावं तुम्हाला आधीच माहीत आहेत. मग थांबा, मन म्हणेल अजून थोडं, पण थांबा. सबमिशनच्या आधी दोन आठवडे नवीन आलेलं बघायला ठेवलेले असतात, तेव्हा भर घालता येते.

टप्पा ७: फील्डवर्क

घरावर सगळ्यात मोठा ताण इथेच येतो आणि वेळेचं गणितही इथेच सगळ्यात जास्त चुकतं. एक तासाची मुलाखत हाताने टाइप करायला साधारण चार ते सहा तास लागतात. २५ मुलाखती म्हणजे १०० ते १५० तास नुसतं टाइपिंग, महिनाभराचं पूर्णवेळ काम, आणि हे बहुतेकांनी कुठेच धरलेलं नसतं. आता आवाजावरून मजकूर करणारी टूल्स आहेत, व्हिस्पर २०२२ पासून फुकट मिळतं आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालतं, म्हणजे रेकॉर्डिंग बाहेर कुठे पाठवावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण बोलीभाषा, एकावेळी दोघांचं बोलणं, हळू आवाज यात ते चुकतं, कधीकधी न बोललेलं वाक्यही घालतं, म्हणून पूर्ण ऐकून तपासायचा वेळ धराच.

किती मुलाखती पुरे? गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६ च्या अभ्यासात ६० मुलाखतींपैकी पहिल्या १२ मध्येच जवळपास सगळे मुद्दे येऊन गेले होते. पण ते एकाच प्रकारच्या बायकांशी, ठरावीक प्रश्नांवर बोलले होते. तुमच्या अभ्यासात तीन वेगवेगळे गट असतील तर बारावर थांबून चालणार नाही. गटामागे मोजा.

क्रम असा ठेवा:

१. आधी दोनतीन पायलट, म्हणजे चाचणीच्या, मुलाखती, त्या स्वतः टाइप करा. प्रश्नावलीतले फसलेले प्रश्न तिथेच दिसतात.
२. मग पाचसहा मुलाखती आणि लगेच थांबून वाचा. सगळ्या संपल्यावर वाचायला घेतल्या तर हातातून निसटलेलं परत विचारता येत नाही.
३. प्रत्येक मुलाखतीच्या त्याच रात्री एक पान नोंद. खोली कशी होती, कोण मधे आलं, कुठे आवाज बदलला. दुसऱ्या दिवशी यातलं निम्मं आठवत नाही.
४. रेकॉर्डिंगच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, आणि सगळ्या पासवर्डने बंद.
५. ठरलेल्या तारखेला डेटा बंद.

लांब राहणार असाल तर परत यायच्या तारखा आधीच बुक करा आणि त्या मुलाखतीसाठी हलवू नका. "एक महत्त्वाचा माणूस उद्या भेटतोय" असं प्रत्येक वेळी होतं. एकदा हलवली की पुढच्या तारखेवर घरी कुणी विश्वास ठेवत नाही, आणि मग घरचं वातावरण सावरायला जेवढे दिवस जातात तेवढे त्या मुलाखतीने वाचवलेले नसतात.

परत आल्यावर पहिले दोन दिवस काही ठरवू नका. हिंसा, मृत्यू, गरिबी यावर काम करणाऱ्यांनी तर खास. माणूस घरी येतो पण मन अजून तिकडेच असतं, जोडीदाराला वाटतं हा आल्यापासून गप्प आहे, माझ्यावर राग आहे का. आधीच सांगून ठेवा की दोन दिवस मी अशी असेन, राग तुझ्यावर नाही. झोप उडाली, तेच तेच डोळ्यासमोर यायला लागलं आणि दोनतीन आठवडे थांबलं नाही तर काउन्सेलरकडे जा, जोडीदाराने एकट्याने पेलायची ही गोष्ट नाही.

सावधान: फील्डवर्क चालू असताना नवीन थिअरी सापडली म्हणून प्रश्न बदलू नका. वहीत लिहून ठेवा, पुढच्या पेपरला कामाला येईल.

टप्पा ८: ॲनालिसिस आणि लिहिणं एकत्र चालवा

कोडिंगचं, म्हणजे मुलाखतींतले मुद्दे खुणा करून वेगळे काढायचं, सॉफ्टवेअर कुठलं, यावर लोक महिना घालवतात. जे तुमच्या युनिव्हर्सिटीत फुकट मिळतं आणि शेजारच्या माणसाला येतं ते घ्या. आकड्यांचं काम असेल तर आर किंवा स्टाटा ही आकडेवारीची सॉफ्टवेअर, पण प्रत्येक पायरी स्क्रिप्टमध्ये (कमांडच्या फाइलमध्ये) लिहा, मेन्यूवर क्लिक करत जाऊ नका, कारण परीक्षकाने एक टेबल बदलायला सांगितलं की सहा महिन्यांपूर्वी काय केलं होतं ते आठवत नाही.

लिहायचा क्रम: आधी मेथडॉलॉजी, कारण ते तुम्ही केलेलं आहे, नुसतं सांगायचंय. मग निष्कर्षांची चॅप्टर्स. मग लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, आता कुठलं वाचन कामाचं ते कळलेलं असतं. मग शेवटचं चॅप्टर, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. पहिल्या पानापासून सुरुवात करणारे पहिल्याच चॅप्टरमध्ये वर्षभर अडकतात.

गणित सोपं आहे. ८०,००० शब्दांचा थिसिस असेल आणि रोज ५०० शब्द लिहिले तर १६० दिवस, आठवड्याला पाच दिवस धरले तर ३२ आठवडे. म्हणजे साधारण साडेसात महिने रोज दोन ते तीन तास, रात्र जागायची गरज नाही. सकाळी लिहा, मेल उघडायच्या आधी. ५०० झाले की थांबा आणि उद्या कुठून सुरू करायचं ते एका ओळीत लिहून ठेवा. हे जोडीदारालाही सांगता येतं, साडेअकरापर्यंत मला हाक मारू नकोस, त्यानंतर मी आहे. "मी लिहितेय" याला शेवट नसतो, "साडेअकरापर्यंत" याला असतो.

ड्राफ्ट वाईट असतानाच गाइडला द्या. घासूनपुसून दिलेलं चॅप्टर गाइडने उलटंपालटं केलं की मन मोडतं, आणि तो दिवस घरी कसा जातो हे सांगायला नको. जोडीदाराला वाचायला द्यायचं असेल तर काय हवंय ते आधी सांगा, चुका काढायच्यात की नुसतं कळतंय का बघायचंय की फक्त कौतुक हवंय. तिन्ही चालतं.

मधे गाडी अडली तर. आजारपण, गरोदरपण, घरात मृत्यू, यासाठी बहुतेक युनिव्हर्सिटीत रीतसर विराम घेता येतो, त्याने मुदत पुढे जाते. तो घ्या, वेळेत अर्ज करून घ्या, मनातल्या मनात विराम घेऊन सहा महिने काढू नका कारण ते मुदतीत मोजले जातात. जोडीदार पण पीएचडी करत असेल तर दोघांचं सबमिशन एकाच महिन्यात येणार नाही असं बघा, कुणीतरी एक जागेवर असायला हवं. आणि प्रत्येक डेडलाइनच्या आदल्या दिवशी मुद्दाम भांडण होत असेल, लॅपटॉप लपवला जात असेल, बाहेर जायला अडवलं जात असेल, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न नाही. तिथे अजून समजून घेत बसू नका, जवळच्या विश्वासू माणसाला आणि मदत करणाऱ्या संस्थेला सांगा, थिसिसची एक प्रत घराबाहेर ठेवा.

तपासून बघा: मागच्या चार आठवड्यांत किती दिवस ५०० शब्द झाले? दहापेक्षा कमी असतील तर तास वाढवू नका, सकाळच्या त्या वेळात काय घुसतंय ते बघा.

टप्पा ९: सबमिशन ते व्हायवा

फॉरमॅट, मार्जिन, साम्य तपासणीचा (मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना याचा) रिपोर्ट, सह्या, थकलेली फी, लायब्ररीचं ना हरकत, या सगळ्याची यादी सबमिशनच्या तीन महिने आधी काढा. शेवटच्या आठवड्यात सही करणारा माणूस हमखास रजेवर असतो. स्वतःचाच छापलेला पेपर थिसिसमध्ये असेल तर साम्य रिपोर्टमध्ये तो मोठा आकडा दाखवेल, त्यासाठी लागणारं पत्र आधी घ्या.

सबमिशन म्हणजे शेवट, असं घरी सांगू नका, ही चूक फार जण करतात. परीक्षक नेमायला आणि वाचायला महिने जातात, मग व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा, आणि व्हायवानंतर बहुतेकांना काही ना काही दुरुस्त्या येतात. जोडीदाराने सबमिशनच्या दिवशी मोकळा श्वास घेतलेला असतो आणि चार महिन्यांनी तुम्ही परत रात्री लॅपटॉप उघडता. म्हणून टप्पा एकच्या कागदावर सबमिशनच्या खाली आणखी दोन ओळी पहिल्यापासून असू द्या, व्हायवा अंदाजे केव्हा, आणि दुरुस्त्यांसाठी सहा आठवडे.

दुरुस्त्या आल्या की टेबल करा. परीक्षकाचं म्हणणं, मी काय बदललं, कुठल्या पानावर. एकेक ओळ संपवत जा, त्या निमित्ताने अख्खं चॅप्टर परत लिहायला घेऊ नका, परीक्षकाने मागितलं तेवढंच द्या. आणि दुरुस्त्या मंजूर झाल्याचं पत्र आलं की तो मेल आधी जोडीदाराला वाचायला द्या, आणि टप्पा चारमध्ये घरातली कामं उलट फिरवायची जी तारीख लिहिली होती ती त्याच आठवड्यात सुरू करा.